कलावंतांची घरं कशी बघावीत, आणि त्यातलं आपल्या घरात काय आणावं

मांडव्याच्या जेट्टीवर उतरून अलिबागच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळात सासवणे येतं. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांचं हे गाव. पुण्यातला शिवाजी महाराजांचा १९२८ सालचा अश्वारूढ पुतळा घडवणारे ते हेच करमरकर. त्यांचं राहतं घर आणि काम करायची जागा आता 'करमरकर शिल्पालय' म्हणून बघायला मिळते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा साठ-सत्तर फोटो काढले. घरी येऊन ते चाळले, तर त्यातलं काहीच माझ्या ठाण्याच्या ५८० चौरस फुटांच्या घरात आणण्यासारखं नव्हतं. मनात राहिली होती ती आवारातली म्हैस. खऱ्या म्हशीएवढी, झाडांच्या सावलीत.

पुढच्या खेपेला मी कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि तासभर नुसती फिरले. तेव्हा कळलं की या माणसाने जे दारासमोर दिसत होतं तेच घडवलं: गावची माणसं, कोळीण, जनावरं. सिमेंटसारखं साधं साहित्यही त्यांना वर्ज्य नव्हतं. कामाची जागा आणि राहायची जागा यांत अंतर नव्हतं, म्हणून मूर्ती घरातल्या माणसांसारख्या घरभर वावरताना दिसतात.

तेव्हापासून बारा-तेरा वर्षं मी अशी घरं बघते आहे. काही पाहायला मिळाली, बरीचशी आराखड्यांतून आणि छायाचित्रांतून समजून घेतली. कलावंताच्या घरात रोज एक काम चालतं आणि ते काम हळूहळू घराला आकार देतं. आपण तो आकार उचलून आणतो आणि त्यामागचं काम विसरतो, म्हणून आणलेली गोष्ट आपल्या घरात उपरी दिसते. हे टाळायची एक रीत मला सापडली आहे, तीच इथे पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी: आठवडाभर आपल्याच घराची नोंद

दुसऱ्याचं घर बघायला निघण्याआधी एक वही करा. चौकटीचा कागद घ्या, एक चौकट म्हणजे एक फूट असं धरून घराचा आराखडा काढा. भिंती, दारं कुठे उघडतात, खिडक्या, पंख्याची जागा, प्लगचे पॉइंट एवढं पुरे. मोजमाप टेपने घ्या, अंदाजाने नको. बिल्डरच्या कागदावरच्या मापात आणि प्रत्यक्षात दोन-तीन इंचांचा फरक असतोच.

मग सात दिवस त्यावर खुणा करत जा. सकाळचा चहा कोण कुठे बसून पितं? बाहेरून आल्यावर किल्ल्या, पिशव्या, हेल्मेट कुठे पडतं? ऊन सकाळी आठला कुठल्या फरशीवर असतं, दुपारी चारला कुठे? कुठली खुर्ची दिवसातून तीनदा सरकवावी लागते? घरातलं कुठलं माणूस काय काम करतं आणि त्याचं सामान रोज कुठून काढून कुठे ठेवावं लागतं?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. आमच्याकडे त्यातून निघालं की मी शिवणकाम जेवणाच्या टेबलावर करत होते आणि दिवसातून दोनदा मशीन उचलून ठेवत होते. मला वाटत होतं घराला 'छान लुक' हवा आहे, प्रत्यक्षात हवी होती ती मशीनला कायमची जागा.

आठवड्याच्या शेवटी तीन वाक्यं लिहा, तीनच. माझी अशी होती: मशीनला जागा नाही. पॅसेजमध्ये दिवसाही दिवा लावावा लागतो. सासूबाईंना पलंगावरून घरात काय चाललंय ते दिसत नाही.

दुसरी पायरी: अडचणीप्रमाणे घर निवडा

आता त्या तीन वाक्यांना उत्तर देईल असं घर शोधायचं. प्रसिद्ध म्हणून किंवा फोटो देखणे म्हणून निवडू नका. मला उपयोगी पडलेल्या काही जोड्या सांगते.

पुस्तकं फार झाली असतील तर दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह बघा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकात ते बांधलं ते ग्रंथसंग्रह डोळ्यांसमोर ठेवून. आपण आधी सोफा ठरवतो, मग टीव्ही, आणि उरलेल्या कोपऱ्यात पुस्तकं कोंबतो. इथे ग्रंथ आधी आहेत, माणसांची सोय त्यांच्याभोवती. खाली त्यांच्या वापरातल्या वस्तू बघायला ठेवल्या आहेत. तिथे उभं राहिल्यावर मला माझ्या घरातला क्रम उलटा करावासा वाटला.

कमी सामानात, जमिनीलगत राहायचं असेल तर वर्ध्याजवळचं सेवाग्राम. गांधीजी तिथे १९३६ साली राहायला आले. तिथली बापूकुटी त्यांच्या शिष्या मीराबहेनने उभारली. माती, बांबू, कवेलू असं सगळं आसपासचं साहित्य. मातीच्या भिंतीवर तिने हाताने उठावात ताडाची झाडं, चरखा आणि ओम काढले आहेत. लोक त्या चित्रांचे फोटो काढतात आणि निघून जातात. तुम्ही शक्य तितकं खाली बसून बघा. सगळी खोली बसलेल्या माणसाच्या उंचीने रचलेली आहे, हे उभ्याने कळतच नाही.

उष्म्याने हैराण असाल तर बाळकृष्ण दोशी. जन्म पुण्याचा, १९२७ चा, कर्मभूमी अहमदाबाद, २०१८ साली वास्तुकलेतलं प्रिट्झ्कर पारितोषिक मिळालेले पहिले भारतीय वास्तुविशारद. त्यांचं 'संगत' हे कार्यालय १९८० च्या सुमाराचं. अर्धवट जमिनीत उतरलेलं, वर कमानदार छपरं आणि छपरांवर पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीचे तुकडे. म्हणजे आपल्याकडे गच्चीवर गवंडी करतात तोच चायना मोझेक. पांढरा चकचकीत पृष्ठभाग ऊन परतवतो आणि खालची खोली कमी तापते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी नवीन एसी घेण्याआधी सोसायटीच्या सभेत गच्चीच्या चायना मोझेकचा विषय काढावा, असं मी मनापासून सांगते.

मोडक्या-तोडक्यातून घर करायचं असेल तर लॉरी बेकर. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा वास्तुविशारद १९४५ साली भारतात आला आणि पुढे तिरुवनंतपुरमच्या नालांचिरा भागात खडकाळ उतारावर स्वतःचं घर बांधत राहिला. विटांची जाळी, भिंतीत बसवलेल्या रंगीत बाटल्या हे त्याच्या कामातले नेहमीचे विशेष. उतार कापून सपाट करण्याऐवजी त्याने घर उतारावर चढवत नेलं. आपल्या घरातला वाकडा खांब किंवा अवघड कोपरा 'झाकायचा' की वापरायचा, हा विचार त्याच्यामुळे सुचतो.

आणि वापरातल्या वस्तूंवर जीव असेल तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला आणि १९६२ साली महाराष्ट्र सरकारला दिला. वीस हजारांहून अधिक वस्तू: दिवे, अडकित्ते, वज्री, दौती, कोरीव दारं. तिथे दोन तास द्या आणि एकाच प्रकारासमोर बसा. मी दिव्यांसमोर बसले होते. हातात धरायचा, खुंटीला अडकवायचा, साखळीने टांगायचा, जमिनीवर ठेवायचा, प्रत्येक दिव्याची उंची त्याच्या कामाने ठरलेली. आपण मात्र छताच्या मधोमध एकच पांढरी ट्यूब लावून सगळी कामं तिच्याखाली उरकतो.

परदेशातली घरं लांबून बघितली तरी चालतात. लंडनला कुणी नातेवाईक असतील, किंवा तुम्हीच तिथे असाल, तर लिंकन्स इन फील्ड्सवरचं वास्तुविशारद सर जॉन सोन यांचं घर चुकवू नका. प्रवेश विनामूल्य आहे. बाकीची पुढे ओघाने येतील.

तिसरी पायरी: तिथे गेल्यावर

निघण्याआधी फोन करून वेळ विचारा. अशी स्मारकं कधी दुपारी बंद असतात, कधी एखाद्या वारी. फोटोला परवानगी आहे का तेही विचारा. बरोबर वही, पेन्सिल आणि आपल्या वितीचं माप असू द्या. माझी वीत आठ इंच. वस्तूला हात न लावता, हवेत वीत धरून अंदाज घेता येतो आणि तो पुरेसा असतो.

पहिली पंधरा मिनिटं काही लिहू नका. त्या माणसाची बसायची जागा कुठली ते शोधा. बहुतेक घरांत ती एकच असते आणि ती सापडली की घर उलगडतं. मग त्या जागेवरून, म्हणजे तिच्या शेजारी उभं राहून किंवा उकिडवं बसून, चार गोष्टी बघा. उजेड कुठल्या बाजूने येतो. हात लांब केला की काय सापडेल. मान वर केली की समोर काय दिसतं. दारातून कुणी आलं तर ते दिसेल का.

उजेडाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण कलावंतांच्या घरात सगळ्यात जास्त शिकण्यासारखं तेच असतं. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डाव्या बाजूने लागतो, नाहीतर हाताची सावली कामावर पडते. चित्रकार उत्तरेची खिडकी मागतात, कारण तिकडून थेट ऊन येत नाही आणि उजेड दिवसभर एकसारखा राहतो. हे युरोपात अगदी खरं. आपल्याकडे थोडा फरक आहे. मुंबईत मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटाकडे 'शून्य सावली'चा, म्हणजे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असण्याचा दिवस येतो, त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. पण त्यातला बराच काळ ढगाळ. म्हणून एरवी आपल्याकडेही उत्तरेची खिडकी शिवणाला, चित्राला, वाचनाला उत्तमच. पश्चिमेच्या खिडकीशी मात्र कामाचं टेबल ठेवू नका. चार वाजल्यानंतर तिथे बसवत नाही.

तिथल्या राखणदाराशी किंवा कर्मचाऱ्याशी जरूर बोला. पावसात पाणी कुठून येतं, भिंतीला ओल कुठे धरते, कुठली खिडकी कायम उघडी असते हे त्यांना ठाऊक असतं आणि माहितीच्या फलकावर ते कधीच नसतं.

प्रवास जमत नसेल तर आपल्या भागातला हाताने काम करणारा माणूस गाठा. कुंभार, मूर्तिकार, हार्मोनियम दुरुस्त करणारे, रांगोळीचे वर्ग घेणाऱ्या मावशी. मला सगळ्यात मोठा धडा मिळाला तो आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांच्या सात बाय आठच्या दुकानात. कात्री, टेप, खडू, बॉबिन हे सगळं बसल्या जागेवरून हाताला लागतं. रोजचं कमरेच्या उंचीवर, आठवड्यातून एकदा लागणारं डोक्याच्या वर, वर्षातून एकदा लागणारं माळ्यावर. मी त्यांना विचारलं, हे कधी ठरवलंत? म्हणाले, "ठरवलं नाही वहिनी, उठायचा कंटाळा आला तसतसं जवळ येत गेलं." माझ्या वहीतलं हे सर्वांत मोलाचं वाक्य आहे.

जिवंत माणसाच्या घरी जाताना आधी विचारून, त्यांच्या सोयीची वेळ घेऊन जा. बसायला सांगतील तिथेच बसा, कपाटं उघडून दाखवायला सांगू नका, आणि त्यांच्या घराचे फोटो त्यांना न विचारता कुठेही टाकू नका.

चौथी पायरी: 'कारण' लिहून काढा

घरी आल्यावर त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, प्रत्येक आवडलेल्या गोष्टीसाठी एक वाक्य पूर्ण करा: "त्यांनी असं केलं, कारण अमुक. माझ्याकडे अमुक आहे, म्हणून मी तमुक." कारण लिहिता आलं नाही तर ती गोष्ट सोडून द्या.

हे न केल्याने आमचे एका खोलीच्या रंगाचे पैसे वाया गेले. चित्रकार क्लोद मोने १८८३ पासून १९२६ साली मृत्यू येईपर्यंत फ्रान्समध्ये जिव्हर्नीला राहिला. त्याच्या घरातलं पिवळं जेवणघर फार प्रसिद्ध आहे. त्याचे फोटो पाहून मी हॉलला तोच पिवळा दिला. आमच्या हॉलची खिडकी समोरच्या इमारतीच्या हिरवट भिंतीकडे उघडते, आणि संध्याकाळी वर पांढरी ट्यूब. तो पिवळा आजारी दिसू लागला. आठ महिन्यांनी पुन्हा रंग काढला.

नंतर ते घर नीट अभ्यासलं. तिथे भिंतीच पिवळ्या नाहीत, कपाटं आणि खुर्च्याही पिवळ्या आहेत. भिंतीवर जपानी लाकडी ठशांची चित्रं आहेत, त्यांत निळा आहे. आणि जेवणघराच्या दारातून पलीकडचं स्वयंपाकघर दिसतं ते निळ्या-पांढऱ्या फरशीचं. पिवळ्यातून निळ्याकडे बघायचं, अशी ती रचना आहे. चित्रकार जसा एक रंग दुसऱ्याशेजारी ठेवतो तशा त्याने खोल्या एकमेकींशेजारी ठेवल्या. यातून मी आता घेते ते इतकंच: रंग ठरवताना एका खोलीच्या दारात उभं राहून दुसऱ्या खोलीकडे बघायचं. आमचा हॉल आता साधा दुधाळ पांढरा आहे, आणि त्यातून दिसणारी स्वयंपाकघराची एकच भिंत विटकरी. पुरेसं आहे.

पॅसेजच्या अंधाराचं उत्तर कोलंबोत सापडलं. जेफ्री बावा (१९१९–२००३) हा श्रीलंकेचा वास्तुविशारद. त्याने ३३ व्या गल्लीत एका रांगेतल्या चार छोट्या बंगल्यांपैकी एकापासून सुरुवात केली आणि १९५८ नंतरच्या दहा वर्षांत चारही हळूहळू एकत्र जोडले. परिणामी घरात एक लांबलचक बोळ तयार झाला. तो त्याने झगझगीत केला नाही. अधूनमधून छप्पर उघडं ठेवून उजेडाच्या छोट्या विहिरी केल्या, त्यांत एखादं झाड किंवा खांब. माणूस अंधारातून उजेडाकडे चालत जातो. कारण: लांब बोळाला चालायला उद्देश लागतो. आमच्याकडे छप्पर उघडणं अशक्य. पण पॅसेजच्या टोकाला बाथरूमच्या दाराशेजारी दीड फुटाची भिंत होती. तिथे कमरेच्या उंचीवर एक फळी, वर उबदार उजेडाचा लहान दिवा आणि तांब्याच्या गडूत कुंडीतल्या मनीप्लँटची फांदी. मधला दिवा काढून टाकला. पॅसेज आता लांब वाटत नाही आणि दिवसा काम भागतं.

जॉन सोनच्या घराची युक्ती तर मुंबईकरांसाठीच केली असावी असं वाटतं. तो वास्तुविशारद १८३७ साली वारला; त्याआधी १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेत खास कायदा करून घेऊन त्याने घर आहे तसं जपायची व्यवस्था केली. त्याच्या चित्रांच्या लहानशा खोलीत भिंती म्हणजे मोठाली दारं आहेत. ती बिजागऱ्यांवर उघडतात, आत आणखी चित्रं, त्यामागे आणखी. छोट्या खोलीत शंभराहून जास्त चित्रं मावतात. न्याहारीच्या खोलीत बाहेर फुगीर गोल आरसे बसवले आहेत, ते खिडकीचा उजेड खोलीभर विखरतात.

मी हे असं केलं: १२ मिलीमीटरचं प्लायवूड, दोन फूट बाय तीन फूट, असे दोन फलक. भिंतीला आधी जाड लाकडी पट्टी पक्क्या फास्टनरने बसवली आणि फलक त्या पट्टीला प्रत्येकी तीन बिजागऱ्यांनी लावले. भिंत आणि फलक यांत तीन इंचांचं अंतर. फलकाच्या दोन्ही बाजूंना फोटो आणि मुलांची चित्रं, मागच्या भिंतीवरही. फ्रेमला काचेऐवजी ॲक्रिलिक शीट, म्हणजे वजन कमी. एका भिंतीवर पाच भिंतींचं सामान राहिलं.

आता मेक्सिको शहरातल्या कोयोआकानमधलं चित्रकार फ्रिदा काहलोचं निळं घर. १९५८ पासून ते संग्रहालय आहे. भडक निळ्या भिंती, पिवळी फरशी असलेलं स्वयंपाकघर, भिंतीवर इवल्याशा मडक्यांनी लिहिलेली नावं. सगळे याचेच फोटो काढतात. मला थांबवलं तिच्या पलंगाने. १९२५ साली बसच्या अपघातात तिचं शरीर मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. आईने पलंगावर झोपून चित्र काढता येईल असा घोडा (ईझल) करून घेतला, आणि डोक्यावर, पलंगाच्या छताला, आरसा लावला. त्या आरशात बघून ती स्वतःला रंगवू लागली. तिथे चाकाची खुर्चीही चित्राच्या घोड्यासमोर ठेवलेली आहे. घर तिच्या शरीराप्रमाणे बदलत गेलं होतं.

माझ्या सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्या चार महिने पलंगावर होत्या. खोली कोपऱ्यातली. त्या दिवसातून दहा वेळा हाक मारायच्या, "कोण आलं गं?" मी या पलंगाचा विचार करत बसले. छताला आरसा लावणं आमच्याकडे धोक्याचं झालं असतं. पण पलंगासमोरच्या भिंतीवर, दाराच्या बाजूला, दीड फूट बाय दोन फुटांचा आरसा तिरका लावला तर? माझा मुलगा पलंगावर त्यांच्या उशीशी डोकं ठेवून झोपला, मी आरसा हातात धरून सरकवत राहिले आणि तो सांगत गेला: अजून थोडा डावीकडे, आता दार दिसतंय, आता ओट्याचा कोपरा दिसतोय, थांब. तिथे पेन्सिलने खूण केली. वरच्या बाजूला लाकडाची पाचर ठोकून आरसा जरा खाली झुकवला. त्या दिवसापासून सासूबाईंना पडल्या-पडल्या दारात आलेला माणूस दिसायचा आणि मी कुकर लावतेय की पोळ्या करतेय तेही. "अगं, गॅस बारीक कर," असं आतून सांगायच्या. रंगाचा एकही ठिपका न आणता मी त्या निळ्या घरातून सगळ्यात मोठी गोष्ट आणली असं मला वाटतं.

पाचवी पायरी: वस्तूंची परीक्षा

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याचं लॉस एंजेलिसजवळचं घर १९४९ सालचं. कारखान्यात तयार मिळणारे पोलादी भाग आणि काच यांचा साधा सांगाडा, आणि आत गोळा केलेल्या असंख्य छोट्या गोष्टी: खडे, खेळणी, गालिचे. दोघं अखेरपर्यंत तिथेच राहिले. याच दोघांनी १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला, त्यातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी आपल्या लोट्याचं अप्रतिम निरीक्षण केलं आहे: किती पाणी मावतं, भरल्यावर आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, डोक्यावर किंवा कमरेवर कसा बसतो, ओतताना धार कशी पडते.

घरात कुठलीही नवी वस्तू आणण्याआधी तिला हेच प्रश्न विचारा. कुठे ठेवणार, कोण उचलणार, पुसणार कसं, पावसाळ्यात बुरशी धरेल का. 'शोभेची' म्हणून आणलेल्या वस्तू मी या परीक्षेनंतर निम्म्या केल्या आणि माळ्यावरचा आजीचा पितळी गडू, पाट, रोळी खाली आणली. गडू आणि पाट रोज वापरात आहेत, रोळीत किल्ल्या.

सहावी पायरी: पंधरा दिवस खोटं खोटं करून बघा

सुताराला बोलावण्याआधी पुठ्ठा, सुतळी, जुनी साडी, मास्किंग टेप एवढ्यावर प्रयोग करा. कपाट कुठवर येईल तिथे जमिनीवर टेप चिकटवा आणि पंधरा दिवस त्या रेषेच्या बाहेरून चाला. फळीच्या जागी भिंतीवर पुठ्ठा लावा. रंगासाठी लहान डबी आणून दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन भिंतीवरच रंगवा. सकाळी, दुपारी आणि दिवा लावल्यावर बघा. पिवळ्याच्या वेळी एवढं केलं असतं तरी पुरलं असतं.

सातवी पायरी: मापं आणि काम

इथे भराभर सांगते, कारण मापं वहीत उतरवून घेण्यासाठीच असतात.

पुस्तकांच्या फळीची खोली आठ ते दहा इंच पुरते. मराठी कादंबऱ्या, कवितासंग्रह आठात बसतात, दिवाळी अंकांना दहा लागतात. १८ मिलीमीटर प्लायची फळी आधाराशिवाय अडीच-तीन फुटांपलीकडे नेऊ नका, पुस्तकांच्या भाराने मधे झोळ येतो. बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवायचं असेल तर मागे इंचभर मोकळी जागा सोडा. कोकण-मुंबईच्या पावसात ती जागा नसली की पहिल्या वर्षीच पुस्तकांच्या पाठी काळ्या पडतात.

चित्र लावताना त्याचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, साधारण पावणेपाच ते पाच फुटांवर. पण तुम्ही त्या खोलीत बसतच असाल तर खाली आणा, खुर्चीवर बसणाऱ्यासाठी साडेतीन-पावणेचार फूट, गादीवर बसणाऱ्यासाठी त्याहून खाली. बापूकुटीतून मी आणलेली गोष्ट हीच.

ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपरापेक्षा तीन-चार इंच खाली असावी. मांडी घालून लिहायचं बैठं मेज बारा-तेरा इंचांचं. संध्याकाळच्या दिव्यांसाठी २७०० ते ३००० केल्विनचे उबदार बल्ब. शिवणाच्या किंवा वाचनाच्या जागी मात्र कामाजवळ आणलेला वेगळा दिवा.

कोनाडा करायचा मोह होतो. आतल्या भिंती बहुधा साडेचार इंचांच्या असतात, त्यांत कोनाडा कोरू नका, आणि काँक्रीटच्या खांबा-तुळईला तर छिन्नी लावूच नका. लाकडाची उथळ पेटी भिंतीवर बसवून तिला आतून वेगळा रंग द्या, कोनाड्याचं काम होतं. भिंत पाडायची असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला या दोन्हींशिवाय सुरुवात नको. भाड्याच्या घरात उभ्या मांडण्या, पडदे, दिवे आणि सतरंज्या यांवरच भर द्या. ते सगळं पुढच्या घरी बरोबर येतं.

सुताराला फोटो दाखवून "असंच करा" म्हणू नका. त्याला वापर सांगा: इथे मशीन बसेल, मी इथे बसेन, कापड या बाजूला पडेल. आमच्या सुतारकाकांनी एवढं ऐकून मशीनच्या टेबलाला डाव्या बाजूला खाली दुमडणारी फळी आपणहून सुचवली. मी तीस फोटो दाखवले असते तरी ती सुचली नसती.

मुलं असतील तर एक भिंत

पुन्हा सासवण्याकडे येते. लहानपणी करमरकरांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ऑटो रॉथफील्ड या कलेक्टरच्या ते नजरेस पडलं आणि त्यांनी त्या मुलाला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवलं. भिंत खराब केली म्हणून कुणी ती आधीच पुसून टाकली असती, तर रॉथफील्डना काय दिसलं असतं?

म्हणून घरात लहान मूल असेल तर जमिनीपासून चार फुटांपर्यंतची एक भिंत त्याला देऊन टाका. धुता येणारा रंग लावा, किंवा फळ्याचा काळा रंग. तो लावायचा असेल तर भिंत आधी लांबी (पुट्टी) भरून, घासून गुळगुळीत करून घ्या, नाहीतर खडू नीट उमटत नाही. खाली खडूची भुकटी पडेल तिथे धुता येण्याजोगी सतरंजी. आठवड्याला एकदा, रविवारी सकाळी, भिंतीचा फोटो काढून मगच ती पुसायची. पुसायची की नाही, हे मात्र मुलाला विचारून.